हसन सरांचं वाळवण

लवंग, दमट कागद आणि सुके बोंबील. हे तीन वास एकाच वेळी नाकाशी आले की माझ्या ओठांचे कोपरे आपोआप हलतात. पाहणाऱ्याला वाटतं, बाईंना काहीतरी आठवलं. खरं तर त्या क्षणी आठवत काहीच नसतं. हसू आधी येतं; आठवण मागाहून, काठी टेकत, सावकाश येते.

यंदाही नवरात्र उलटलं, आभाळ धुतल्यासारखं निळं झालं, तेव्हा मी गच्चीवर बाज टाकली, तिच्यावर जुनी सुती साडी अंथरली आणि हसन सरांची पुस्तकं एकेक करून उघडी मांडली. चुटक्यांची, कोट्यांची, हजरजबाबी उत्तरांची पातळ पुस्तकं. एकेकाळी ती एसटी स्टँडवर आणि जत्रेत मिळत. शेंगदाण्याच्या पुडीइतकीच त्यांची पत असे. कोणी लिहिली, कोणी छापली, हे घेणारा विचारत नसे. प्रवास संपला की पुस्तक बाकावर राहून जाई. सर असली सोडलेली पुस्तकं उचलून आणत, रद्दीतून शोधून काढत आणि मुरुडच्या हवेपासून जपत. ते सोपं नव्हतं. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींनाही घाम फुटतो, मीठ बरणीतल्या बरणीत वितळतं. कागदाची काय कथा. म्हणून पानांत लवंगा ठेवायच्या आणि वर्षातून एकदा सगळी पेटी उन्हात रिकामी करायची.

सर गेल्यावर ती पेटी त्यांच्या पत्नीनं, आमच्या भाबींनी, माझ्याकडे पाठवून दिली. "घरात ठेवली तर मी कामधाम सोडून वास घेत बसेन, बाय," एवढंच त्या म्हणाल्या.

सरांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेही अशाच एका वाळवणाच्या दिवशी. मुरुडच्या शाळेत मराठी शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. हसन सर भूगोल शिकवत. उंच, किडकिडीत, सदऱ्याच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. कसला तरी निरोप द्यायला मी त्यांच्या घरी गेले, तर अंगणात सुपारीच्या झाडांमधल्या उन्हाच्या पट्ट्यात बाज, बाजेवर पुस्तकं आणि सर उकिडवे बसून पानं उलटताहेत. कुंपणापलीकडे चांगुणामावशीचे बोंबील काठ्यांवर टांगलेले होते आणि ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मास्तर, तुमच्या कागदांचा वास माझ्या म्हावऱ्याला लागला, तं गिऱ्हाईक काय बोलंल?"

"बोलंल की चांगुणाचे बोंबील शिकलेले हायत."

"शिकलेलं म्हावरं नको बाबा. जाळ्यातच येनार न्हाय ते."

सर हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसे. खांदे हलत, डोळे मिटत आणि उजव्या हाताचा पंजा छातीवर येई, जणू आत काही सांडू नये म्हणून. मग माझ्याकडे वळून त्यांनी, घरच्या माणसांची करून द्यावी तशी, पुस्तकांची ओळख करून दिली. बहुतेकांची मुखपृष्ठं गेलेली, त्यामुळे नावंही गेलेली. सरांनी त्यांना वासावरून नावं ठेवली होती. हे लवंगेचं. हे रॉकेलचं, कंदिलाच्या उजेडात वाचताना भिजलेलं. हे अत्तराचं, कारण काही वर्षं ते भाबींच्या लग्नातल्या कपड्यांखाली राहिलं होतं. हे बोंबलाचं, चांगुणामावशीच्या कृपेनं. एका पुस्तकाला मात्र कसलाच वास नव्हता. ते त्यांनी जरा लांब धरलं.

"याच्यावर माझा विश्वास नाही, बाई. वास नाही म्हणजे कोणी वाचलेलंच दिसत नाही."

मी तेव्हा कविता करत होते, त्या छापूनही येऊ लागल्या होत्या आणि शब्दांबद्दल माझ्या मनात देवघरातल्या वस्तूंबद्दल असावी तशी सोवळी भावना होती. कोटी म्हणजे शब्दाची टवाळी, असं मला वाटे. ती पुस्तकं पाहून मी नम्रपणे मान हलवली आणि निरोप देऊन निघून आले.

शिक्षकांच्या खोलीत सर खिडकीजवळच्या खुर्चीवर बसत. कोणी विनोद सांगितला की सगळ्यांचे डोळे तिकडे वळत, कारण सर प्रत्येक विनोदाला एका शब्दात निकाल देत. हे शब्द त्यांनी बाजारातून आणले होते. ताजा, जागच्या जागी सुचलेला असेल तर "ओला". जुना, पण वर्षानुवर्षं टिकणारा, पुन्हा पुन्हा काढून खावा असा असेल तर "सुका". सांगताना बिघडला तर "नासला". पुढे मोबाइलवरून ढिगानं विनोद येऊ लागले तेव्हा त्यांत चौथा शब्द आला, "बर्फातला". दिसायला ताजा, डोळा मात्र मेलेला. यापलीकडे ते समीक्षा करत नसत. घरत सर, म्हणजे आमचे खेळाचे शिक्षक, रोज मधल्या सुट्टीत काहीतरी घेऊन येत आणि रोज नासका माल घेऊन परत जात. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. सरांनी आपला विनोद हुंगला, हेच त्यांना पुरे होतं.

एकदा मी नववीच्या वर्गात श्लेष अलंकाराची व्याख्या लिहून देत होते. एका शब्दाचे दोन अर्थ, इत्यादी. मुलं लिहीत होती आणि वर्गात झोपेचा गोडसर वास पसरला होता. दारात सर येऊन उभे राहिले.

"बाई, तुमची पोरं जरा उसनी द्या. मला भरती-ओहोटी शिकवायचीय. तुम्हीपण चला."

शाळेमागच्या सुरूच्या बनातून आम्ही किनाऱ्यावर गेलो. पाणी चढत होतं. सरांनी विचारलं, "समुद्राची भरती कशामुळं येते?"

"चंद्रामुळं," सगळा वर्ग म्हणाला.

"आणि पोलिसांची?"

सुरूच्या पानांतून वारा शिटी घालत होता. मग मागून कोणीतरी, स्वतःशीच बोलल्यासारखं, म्हणालं, "निवडणुकीमुळं."

सरांनी छातीवर पंजा ठेवला. डोळे मिटले. "ओला," ते म्हणाले.

त्यानंतर काय झालं ते मी कधी विसरणार नाही. कुठल्याशा तळ्याचा बांध फुटावा तशी मुलं शब्द आणू लागली. खार, जी झाडावर चढते आणि जी जमिनीत उतरते. बंदर, जे मराठीत बोटी थांबवतं आणि हिंदीत झाडावरून दात विचकतं. डोल, जे जाळंही आहे आणि हुकूमही. ज्या शब्दांना मी देवघरात बसवलं होतं ते ओल्या वाळूत उड्या मारत होते आणि अजिबात अपवित्र झालेले दिसत नव्हते. त्या दिवशी मला प्रथमच जाणवलं की शब्दाला दोन दारं असतात, आणि कवितेतही मी आजवर एकाच दारातून ये-जा करत आले आहे.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी मोठ्या उत्साहानं तो किस्सा सांगितला. "समुद्राला उधाण कशामुळे येतं? चंद्रामुळे. आणि पोलिसांची भरती?" घरत सरांनी सहानुभूतीनं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी सोबती मिळाला नव्हता.

"नासला," सर म्हणाले. मग जवळ येऊन, हलक्या आवाजात समजावलं, "बाई, कवितेत एक शब्द काढून त्याजागी त्याहून देखणा ठेवता येतो. कोटीत नाही येत. कोटी कंदिलासारखी एका कडीवर टांगलेली असते. तुम्ही चांदीची कडी बसवायला गेलात, पण तेवढ्यात कंदील खाली."

तो माझा कायमचा दोष राहिला. विनोद सांगताना नेमक्या जागी माझी जीभ अधिक सुंदर शब्दाकडे वळते. पुढे मी विनोद सांगू लागले की लोक आधीच हळहळायला तयार होऊन बसत.

सरांचा स्वतःचा एकच विनोद होता, आणि तो सगळ्या गावाला पाठ होता. तरी सहलीत, निरोपाच्या जेवणात, कोणीतरी म्हणेच, "सर, साहेबांचं जेवण सांगा." मग सर पाण्याचा एक घोट घेत आणि सांगू लागत. घाटावरून एक साहेब आले. मुरुडच्या खानावळीत जेवायला बसले. शुद्ध शाकाहारी. जेवण झालं, म्हणाले, हलवा मिळेल का? खानावळवाला म्हणाला, मिळंल की, आत्ताच आलाय. आणि त्यानं तळलेल्या हलव्याची तुकडी आणून समोर ठेवली. वास नाकात गेला तसे साहेब खुर्चीसकट मागे सरकले आणि ओरडले, "अरे, हे हलवा!" खानावळवाला हात जोडून म्हणाला, "व्हय साहेब, हलवाच हाय."

मासा, गोड पदार्थ आणि आज्ञा, असा तीन दारांचा तो शब्द सर इतक्या हळुवारपणे उच्चारत की ऐकणारा शेवट ठाऊक असूनही त्याच्यापाशी जाऊन थांबे. "सुका," सर स्वतःच निकाल देत. "पण अजून चव आहे."

त्यांच्या पुस्तकांत काही पानांना टाचण्या लावलेल्या होत्या. मला वाटलं, आवडते विनोद असतील. एकदा एक पान उघडलं, तर त्यावर एका तोतऱ्या माणसाचा चुटका. दुसऱ्यावर एका बहिऱ्या म्हातारीचा. तिसऱ्यावर कोणाच्या तरी जातीचा. जुन्या पुस्तकांत असं पुष्कळ असतं. तेव्हाच्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नसे.

"त्या टाचण्या नाहीत, काटे आहेत," सर म्हणाले. "त्या पानात काटा आहे, एवढी खूण."

"मग पानच फाडून टाका की."

"काटा आहे म्हणून मासा कोण फेकतं, बाई? वाढताना काढायचा."

ते काटा कसा काढायचे, हे मी एका निरोप समारंभात पाहिलं. दहावीची मुलं खाली सतरंजीवर बसली होती. पाहुणे म्हणून आलेल्या गृहस्थांनी भाषणात रंग भरावा म्हणून तोच तोतऱ्याचा चुटका सांगितला, अडखळण्याच्या नकलेसकट. मंडप हसला. पुढच्या रांगेत आमची सुगंधा होती. हुशार, टपोऱ्या अक्षराची, पण बोलताना पहिल्या अक्षराशी झगडणारी. शेजारच्या मुलींनी हसता हसता तिच्याकडे पाहिलं आणि तिनं ओढणीच्या टोकाची घडी घालायला सुरुवात केली. एक घडी, तिच्यावर दुसरी, बोटात मावेना इतकी लहान.

आभार मानायला सर उठले. पाहुण्यांचे आभार मानून झाल्यावर म्हणाले, "पाहुण्यांनी एवढं हसवलं, आता माझंही एक दुःख ऐका. आपल्याकडं 'ण'चा 'न' करतात, त्यामुळं माझं नाव जन्मभर नाव झालंच नाही, क्रियापद राहिलं. माणगावला एका कचेरीत दाखला काढायला गेलो होतो. कारकून मान खाली घालूनच म्हणाला, नाव सांगा. म्हटलं, हसन. तो म्हणाला, हसनं मागून, आदी नाव सांगा."

मंडप पुन्हा हसला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. सर थांबले नाहीत. कारकून कसा चिडला, आपण कसे पुन्हा हसन म्हणालो, त्यानं शिपायाला कसं बोलावलं, असं ते वाढवत नेत राहिले. तोतऱ्या माणसाला सगळे विसरले. वाटेत पडलेली गोणी एखाद्यानं उचलून आपल्या पाठीवर घ्यावी, तसं सगळ्या मंडपाचं हसू त्यांनी सुगंधाच्या अंगावरून उचलून स्वतःवर घेतलं होतं. तिच्या बोटांतली घडी केव्हा सुटली ते मला कळलं नाही. मी पाहिलं तेव्हा ती हसत होती, दात दिसतील एवढी.

परतताना मी म्हटलं, "पाहुण्यांना तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"त्यांना काटा दिसला नाही, बाई. दिसला असता तर त्यांनीच काढला असता."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, एका पावसाळ्यात, सर सकाळी सुपारीच्या बागेत कोसळले. अलिबागच्या इस्पितळातून ते परत आले तेव्हा उजवा हात नि पाय मंद झाले होते आणि शब्द एकमेकांच्या घरांत शिरले होते. समज पूर्ण शाबूत. मनात येई ते बरोबर, तोंडातून निघे तो शेजारचा शब्द.

आम्ही शाळेतली मंडळी त्यांना भेटायला गेलो. अगदी प्रेमानं गेलो होतो, म्हणून पुढचं सांगायला जड जातं. सर पडवीत खुर्चीवर बसले होते. त्यांनी कोपऱ्यातल्या तांब्याकडे डावा हात केला आणि म्हणाले, "होडी."

घरत सरांचा चेहरा उजळला. "वा सर, आल्या आल्या सुरू झालात. पाणी नको, डायरेक्ट होडी."

सगळे हसले. सुटकेचं हसू होतं ते. सर बरे आहेत, सर पहिल्यासारखे आहेत. सरांनी मान हलवली. पुन्हा तांब्याकडे हात केला आणि जोर लावून, एकेक अक्षर ढकलत म्हणाले, "होडी." हसू आणखी वाढलं. कोणीतरी निकालही दिला, "ओला, सर, ओला."

भाबी आतून आल्या, तांब्या उचलला आणि पाणी पाजलं. सर प्यायले. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं. मग त्यांनी तोंड मिटलं. आयुष्यभर लोकांच्या अंगावरचं हसू स्वतःवर घेणारा तो माणूस. आता मात्र ते त्याच्या अंगावर असं आलं होतं की उतरवता येत नव्हतं. जन्मभर केलेल्या कोट्यांनी त्याचा साधा, तहानेचा शब्दही संशयित करून ठेवला होता.

त्या दिवसानंतर सर बोलले नाहीत. ना भाबींशी, ना डॉक्टरांशी. पावसाळा सरत आला तेव्हा भाबी शाळेच्या फाटकाशी मला भेटायला आल्या.

"बाय, डॉक्टर बोलतात, बोलले न्हाईत तर जे उरलंय तेही जाईल. बोलून बोलून जे गुळगुळीत झालेलं असतं ना, ते पहिलं परत येतं म्हणे. कोणाला दुवा येतात, कोणाला पाढे. यांचं गुळगुळीत काय आहे ते तुम्हाला ठावं. तुम्ही येऊन वाचा जरा."

"भाबी, मला विनोद सांगता येत नाही, हे सगळ्या शाळेला माहीत आहे."

"म्हणून तर तुमच्याकडं आले. तुम्ही सांगितलं की कोणी हसत न्हाय."

म्हणून मी दर रविवारी जाऊ लागले. लवंगेचं पुस्तक, रॉकेलचं, अत्तराचं. टाचणी लावलेली पानं ओलांडून पुढे जायचं, चुटका वाचायचा आणि शेवटचा शब्द त्यांच्यासाठी मोकळा ठेवून थांबायचं. सर ऐकत. डोळ्यांच्या कडांना क्वचित काहीतरी हले. पण ओठ मिटलेले. मोकळी ठेवलेली जागा मोकळीच राही. तिच्यातून समुद्राची गाज येई, दूरच्या मशिदीतली बांग येई, नारळाची झावळी पडल्याचा आवाज येई. भाबी आतल्या दाराशी उभ्या राहून थोडा वेळ वाट पाहत आणि पुन्हा चुलीकडे जात. मला निघताना दर वेळी वाटे, पुढच्या रविवारी यायचं तरी कोणत्या तोंडानं.

मग नवरात्र उलटलं आणि ऊन पडलं. भाबींनी आणि मी पेटी अंगणात रिकामी केली. सरांची खुर्ची बाजेजवळ आणून ठेवली. कुंपणापलीकडे चांगुणामावशी बोंबील उलटत होती. सगळी पुस्तकं उन्हात पसरलेली, त्यामुळे हातात वाचायला काही नव्हतं. पण रविवार होता, आणि सर माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, आज तोंडी सांगते. मला पूर्ण पाठ असलेला विनोद एकच होता, तोच सुरू केला.

घाटावरचे साहेब आले. शाकाहारी. जेवले. हलवा मिळेल का, म्हणाले. आत्ताच आलाय, खानावळवाला म्हणाला. मी सावकाश सांगत होते, सरांसारखं पाणीही प्यायले होते. तळलेली तुकडी समोर आली, वास नाकात गेला, साहेब खुर्चीसकट मागे सरकले आणि ओरडले, "अरे, हे दूर न्या इथून!"

आणि मी थांबले, नेहमीसारखी, खानावळवाल्याचं उत्तर सरांसाठी मोकळं ठेवून. कंदील खाली पडला आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

सरांच्या कपाळावर आठी उमटली. फळ्यावरच्या नकाशात कोणी सावित्री नदी उत्तरेला वाहवली की उमटायची, तीच. डावा हात खुर्चीवरून वर आला आणि तर्जनी मला थांबवत हवेत उभी राहिली. भाबी दारात आल्या होत्या. चांगुणामावशीच्या हातातला बोंबील हातातच राहिला. पुढे अंगणात कोणी हसलं नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण त्यानंतर मला सांगायचं असं काही उरत नाही. सरांच्या ओठांतून आधी नुसता श्वास आला. मग त्यांनी तो परत आत घेतला, नीट जमवला, आणि माझ्या चुकलेल्या शब्दाच्या जागी, त्यांच्या मालकीचा, तीन दारांचा शब्द आणून ठेवला.

"हलवा."